एफवायचं पहिलं सेमिस्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका संलग्न महाविद्यालयात मी शिकवते. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला दर जुलैत बीड, लातूर, नंदुरबार, जुन्नर अशा कुठून कुठून मुलंमुली येतात आणि तेच ते प्रश्न घेऊन स्टाफरूमच्या दारात घुटमळतात. निम्मी तर विचारतच नाहीत, त्यांना लाज वाटते. म्हणून ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांना धरून आहेत. स्वायत्त कॉलेजांत तपशील थोडा बदलतो.

सेमिस्टर किती दिवसांचं असतं?

कागदावर पंधरा आठवडे, म्हणजे नव्वद शिकवण्याचे दिवस. प्रत्यक्षात पहिले दोन आठवडे प्रवेशाच्या फेऱ्यांत आणि वेळापत्रक बदलण्यात जातात. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या नेमणुका बऱ्याच ठिकाणी ऑगस्ट उजाडल्यावर होतात. त्यामुळे एखाद्या विषयाला महिनाभर कुणी आलंच नाही तर नवल वाटून घेऊ नका. मग स्वातंत्र्यदिन, दहीहंडी, गणपती. पुण्यात गणपतीचे दहा दिवस कॉलेज उघडं असलं तरी वर्ग भरलेला नसतो. त्यानंतर इंटर्नल (कॉलेजची अंतर्गत चाचणी), नवरात्र, सबमिशन (जर्नल वगैरे जमा करणं), आणि दिवाळीच्या आगेमागे विद्यापीठाची परीक्षा.

थोडक्यात, हातात दहा-अकरा आठवडे उरतात. बारावीला अख्खं वर्ष मिळायचं, त्या सवयीने "गणपतीनंतर सुरू करू" म्हणणारा विद्यार्थी गणपतीनंतर थेट इंटर्नलला बसतो. अभ्यासाचं एक वेळ राहू द्या, पण पहिल्या महिन्यात कॉलेजला रोज या. कुठला वर्ग कुठे भरतो, कोणते सर काय मागतात, कार्यालयाची कोणती खिडकी कधी उघडते, हे सगळं त्याच महिन्यात कळतं. नंतर कुणी सांगत बसत नाही.

वेळापत्रकात ओई, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस असं लिहिलंय. यातले माझे विषय कोणते?

सगळेच तुमचे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं आणि वेळापत्रकात ही आद्याक्षरांची गर्दी झाली. पहिल्या वर्षी मुख्य विषय तीन असतात आणि तिघांचं वजन सारखं असतं. दुसऱ्या वर्षी त्यांतला एक मेजर होतो, एक मायनर आणि तिसरा सुटतो. त्यामुळे "माझा मेजर फिजिक्स, बाकीचे टाइमपास" हे पहिल्या वर्षी तरी म्हणू नका. तिन्हींत काय जमतं ते बघायला हे वर्ष दिलेलं आहे.

बाकीच्यांपैकी ओई म्हणजे दुसऱ्या विद्याशाखेतला विषय. सायन्सच्या मुलाने कॉमर्सचा किंवा आर्ट्सचा घ्यायचा. एसईसी कौशल्याचा, एईसी भाषेचा, व्हीईसी पर्यावरण किंवा संविधान अशा धर्तीचा आणि आयकेएस भारतीय ज्ञानप्रणालीचा. सीसी, म्हणजे एनएसएस, खेळ, योग वगैरे, बहुधा दुसऱ्या सेमिस्टरला येतं.

ओई निवडताना "मित्राने घेतला म्हणून" एवढंच कारण बहुतेकांकडे असतं. त्यापेक्षा तो विषय शिकवतं कोण ते सीनिअर दादा-ताईंना विचारा. दोन क्रेडिटच्या विषयात नावापेक्षा शिकवणारं माणूस महत्त्वाचं.

क्रेडिट म्हणजे नक्की काय?

वर्गात घालवायच्या वेळेचं माप. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात पंधरा तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे तीस तास. दोन क्रेडिटची थिअरी आठवड्याला दोन तास घेते, दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल चार तास. सेमिस्टरला साधारण बावीस क्रेडिट असतात. सायन्सवाल्याचा आठवडा त्यामुळे अठ्ठावीस-तीस तासांचा होतो, आर्ट्स-कॉमर्सचा त्याहून हलका.

वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट जमली की पहिला टप्पा पुरा होतो. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची, चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६ची.

पंचाहत्तर टक्के हजेरी खरंच बघतात का?

बघतात, पण कधी बघतील याचा नेम नाही. एखाद्या कॉलेजात दर महिन्याला डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांची यादी, लागते, एखाद्यात सेमिस्टरच्या शेवटी एकदम. शेवटी लागणारी यादी जास्त घातक, कारण तोवर करण्यासारखं काही उरलेलं नसतं. मग पालकांना बोलवा, हमीपत्र लिहा, प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभे राहा.

हिशेब सोपा आहे. दोन क्रेडिटच्या थिअरीची तीस लेक्चर झाली तर तेवीसला हजर हवं, म्हणजे सात बुडवता येतात. आजारपण, गावची जत्रा, बहिणीचं लग्न, एसटीचा खोळंबा, सगळं त्या सातांत बसवायचं आहे. ती सात जुलैतच कॅन्टीनमध्ये उडवली की ऑक्टोबरमध्ये डेंग्यू झाल्यावर हात रिकामे असतात. खरंच आजारी पडलात तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र बरे झाल्या झाल्या द्या. महिन्यानंतर आणलेल्या प्रमाणपत्राकडे कुठलेही सर संशयानेच बघतात.

प्रॉक्सी (आपली हजेरी मित्राने) लावली तर कळतं का?

साठ जणांच्या वर्गात बावीस डोकी दिसत असतात आणि हजेरी एकोणचाळीस लागते. आम्हाला मोजता येतं.

मास बंकला, म्हणजे सगळ्या वर्गाने मिळून लेक्चर बुडवायला, नाही म्हटलं तर वर्गात वेगळं पाडतील का?

दोन दिवस बोलतील. तिसऱ्या दिवशी तुमच्याच नोट्स मागायला येतील.

माझं बारावीपर्यंतचं शिक्षण मराठीतून झालंय. इथे लेक्चर इंग्रजीत चालतं आणि काहीच डोक्यात शिरत नाही. काय करू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात कमी आवाजात विचारला जाणारा प्रश्न हाच.

आधी एक गोष्ट तपासा. आर्ट्स आणि कॉमर्सच्या बऱ्याच विषयांचे पेपर मराठीतून लिहिता येतात. कित्येक मुलं हे माहीत नसल्यामुळे मोडक्यातोडक्या इंग्रजीत पेपर लिहितात आणि येत असलेल्या उत्तराचे मार्क घालवतात. परीक्षेचा फॉर्म भरताना माध्यमाचा रकाना बघा आणि शंका असेल तर त्याच दिवशी विचारा.

दुसरं म्हणजे बहुतेक वेळा तुम्हाला विषय येत नसतो असं नाही, त्याची नावं ओळखीची नसतात. कॉमर्सची एक मुलगी माझ्याकडे रडत आली होती, अकाउंट्स अजिबात कळत नाही म्हणून. तिला रोजकीर्द, खतावणी, तेरीज, घसारा, ताळेबंद हे सगळं चोख येत होतं. वर्गात सर जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स, डेप्रिसिएशन, बॅलन्स शीट म्हणत होते. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखले, एका बाजूला ओळखीचा शब्द, दुसऱ्या बाजूला वर्गातला. दीडेक पान भरलं आणि लेक्चर कळायला लागलं. बी.एस्सी.च्या मुलांची अकरावी-बारावी इंग्रजीत झालेली असते, पण दहावीची मुळं मराठीत असतात, तेव्हा हा उपाय त्यांनाही लागू पडतो.

शब्द अडला तर शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन फुकट बघता येतात. संकल्पनाच मराठीत वाचायची असेल तर मराठी विश्वकोश आहे, तोही ऑनलाइन आणि फुकट. यूट्यूबवर हिंदीतून शिकवणारे भरपूर आहेत. त्यांच्याकडून समजून घ्यायला हरकत नाही, पण उत्तर लिहायला शिकायचं तर आपल्या विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसावं लागतं.

आणि वर्गात हात वर करून "सर, मराठीत सांगता का?" म्हणा. चांगले शिक्षक चिडत नाहीत. तुम्ही विचारलंत की मागच्या तीन बाकांवरची मुलं सुटकेचा निश्वास टाकतात, हे समोर उभं राहिलं की स्पष्ट दिसतं.

पुस्तकं विकत घ्यावीत का?

पहिल्या आठवड्यात नाही. अभ्यासक्रम नुकताच बदललाय, त्यामुळे सीनिअरचं जुनं पुस्तक चालेलच असं नाही. आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आपल्या विषयाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. चार-पाच पानांचा असतो आणि त्यात धडे, तास आणि संदर्भग्रंथ सगळं असतं. हा कागद हातात नसलेला विद्यार्थी गाईड छापणाऱ्याच्या भरवशावर असतो.

मग अप्पा बळवंत चौकात, म्हणजे पुणेकरांच्या 'एबीसी'त, जा. नवी-जुनी सगळी पुस्तकं तिथे मिळतात आणि सेमिस्टर संपल्यावर परतही घेतात. कॉलेजच्या ग्रंथालयाचं कार्ड पहिल्या महिन्यातच काढा. ग्रंथपालांना एन-लिस्ट या ऑनलाइन ग्रंथसंग्रहाचं लॉगिन मागा, त्यावर हजारो ई-पुस्तकं आणि नियतकालिकं कॉलेजने आधीच घेऊन ठेवलेली असतात. पाच मुलंही मागत नाहीत. झेरॉक्सवाल्याकडे मिळणाऱ्या नोट्सबद्दल एवढंच सांगते, की त्या कुणी लिहिल्या हे झेरॉक्सवाल्यालाही माहीत नसतं.

प्रॅक्टिकलची वही, म्हणजे जर्नल, शेवटच्या आठवड्यात लिहिलं तर चालतं का?

लिहितात सगळे. पण जर्नलवर दर प्रयोगाला सही लागते आणि ती सही तुमच्या नव्हे, मॅडमच्या सवडीने मिळते. शेवटच्या आठवड्यात प्रयोगशाळेबाहेर चाळीस जर्नलांची थप्पी असते. सर्टिफाय न झालेलं जर्नल घेऊन प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही. एक्सटर्नल (बाहेरचे परीक्षक) आले की जर्नल उघडतात, मधलंच एखादं पान काढतात आणि विचारतात, "हे रीडिंग एवढं बरोबर कसं आलं?" दुसऱ्याचं उतरवलेलं असलं की तिथेच व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, संपते. खऱ्या रीडिंगमध्ये चूक असते आणि ती का आली हे तुम्हाला सांगता येतं. एक्सटर्नलना तेच ऐकायचं असतं.

इंटर्नलचे मार्क सर आपोआप देतात ना?

हा गैरसमज शाळेतून येतो. दोन क्रेडिटच्या पेपरला पन्नास मार्क धरले तर पंधरा कॉलेजच्या हातात आणि पस्तीस विद्यापीठाच्या. पास व्हायला दोन्हींकडे वेगवेगळे चाळीस टक्के लागतात, म्हणजे इंटर्नलला सहा आणि लेखीला चौदा. लेखीत तीस पडले तरी इंटर्नलला गैरहजर असाल तर विषय राहतो. दरवर्षी दोन-चार हुशार मुलं अशी अडकतात. चाचणीची तारीख व्हॉट्सॲप ग्रुपवर आली होती, पण ग्रुप म्यूट केलेला होता.

केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर वर्ष वाया जातं का?

पहिल्या सेमिस्टरमधून दुसऱ्यात तुम्ही जाताच. पुढच्या वर्षात जाताना मात्र ठरावीक क्रेडिट मिळवलेली लागतात, तो हिशेब वर्षाच्या शेवटी होतो. राहिलेला विषय पुढच्या परीक्षेसोबत पुन्हा द्यायचा. त्याचा फॉर्म वेगळा असतो आणि फी वेगळी, ते आपोआप होत नाही.

निकाल अनपेक्षित वाटला तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, ती बघा आणि मगच पुनर्मूल्यांकनाला अर्ज करा. दोन्हींची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते. गावी असाल तर मित्राला सांगून ठेवा.

केटी लागल्याचं घरी सांगायचं की नाही, हेही मुलं मला विचारतात. सांगा. कुणाच्या तरी तोंडून कळलं की जास्त लागतं.

एसजीपीए (सेमिस्टरची ग्रेडची सरासरी) कसा काढतात?

प्रत्येक विषयाच्या ग्रेडला गुण असतात. ओ म्हणजे दहा, ए प्लस नऊ, ए आठ, बी प्लस सात, बी सहा, सी पाच, पी चार आणि नापास शून्य. ग्रेडचे गुण गुणिले क्रेडिट, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. समजा चार क्रेडिटच्या विषयात ए मिळाला, तर ८ × ४ = ३२. दोन क्रेडिटच्या एकात ओ, १० × २ = २०. दोन क्रेडिटच्या दुसऱ्यात पी, ४ × २ = ८. बेरीज ६०, क्रेडिट ८, एसजीपीए ७.५. दोन क्रेडिटच्या 'किरकोळ' विषयाने केवढी घसरण झाली ते बघा. सेमिस्टरला असे पाच किरकोळ विषय असतात, म्हणजे बावीसपैकी दहा क्रेडिट.

पीआरएन, एबीसी आयडी, एलिजिबिलिटी, बोनाफाईड... कार्यालयात यांतलं काय कधी लागतं?

पीआरएन हा विद्यापीठाने दिलेला कायमचा नोंदणी क्रमांक. पाठ करून टाका, पदवी मिळेपर्यंत सुटत नाही. एबीसी आयडी (अप्पा बळवंत चौकाशी संबंध नाही) म्हणजे तुमच्या क्रेडिटचं खातं. ते डिजिलॉकरमधून निघतं आणि आकडा बारा अंकी असतो. नाव आधारवर, बारावीच्या गुणपत्रिकेवर आणि कॉलेजच्या अर्जावर एकसारखं नसेल तर इथेच घोडं अडतं. आधारवर वडिलांचं नाव मधे नाही, गुणपत्रिकेवर आडनाव आधी, असल्या बारीकसारीक फरकांनी मुलं महिनोन्‌महिने हेलपाटे घालतात. नाव जुळवायचं काम जुलैतच करा.

एलिजिबिलिटी, म्हणजे प्रवेशाची पात्रता तपासल्याचं प्रमाणपत्र, प्रामुख्याने दुसऱ्या बोर्डातून किंवा विद्यापीठातून आलेल्यांना लागते. बोनाफाईड, म्हणजे तुम्ही या कॉलेजात शिकता याचा दाखला, सगळ्यांना आणि सारखं लागतं: पास, शिष्यवृत्ती, वसतिगृह, बँक. एकदम तीन-चार प्रती मागून ठेवा. कुठलाही मूळ दाखला कार्यालयात देणार असाल तर त्याआधी त्याच्या रंगीत स्कॅन प्रती काढा, फोनच्या गॅलरीत नव्हे, मेलवर ठेवा. फोन हरवतो.

कार्यालयातल्या लोकांशी कसं बोलायचं, हेही विचारलं जातं. शिपाईमामांना नाव विचारून नमस्कार करा. खिडकीतल्या मॅडमना अर्धवट भरलेला फॉर्म देऊन "तुम्हीच भरा ना" म्हणू नका. जेवणाची सुट्टी दीड ते दोन असते, पावणेदोनला जाऊन भांडण्यात अर्थ नाही.

शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला, मंजूर झाला, पण पैसे खात्यात आले नाहीत. का?

दहांतल्या आठ वेळा कारण एकच असतं: खातं आधारला 'जोडलेलं' आहे, पण थेट लाभासाठी (डीबीटी) सीड केलेलं, म्हणजे सरकारी पैसे जमा व्हायचं खातं म्हणून नोंदवलेलं, नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बँकेत आधार दिलं म्हणजे केवायसी झालं. सरकारी पैसे मात्र शेवटी ज्या खात्याशी आधार सीड झालं असेल त्याच खात्यात जातात. कित्येकदा ते गावातलं जुनं शून्य शिलकीचं खातं निघतं, जे शाळेत असताना उघडलेलं होतं आणि आता बंद पडलंय. बँकेत जाऊन "डीबीटीसाठी आधार सीडिंग करून द्या" असं स्पष्ट सांगा आणि चार दिवसांनी स्थिती तपासा.

अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर होतो आणि दरवर्षी नव्याने करावा लागतो. पहिल्या वर्षी भरला म्हणजे तीन वर्षांचं काम झालं असं नाही. ऑनलाइन भरून झाल्यावर प्रिंट आणि कागद कॉलेजात द्यायचे असतात, नाहीतर अर्ज कॉलेजच्या पातळीवरच पडून राहतो. खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. अनुसूचित जातींच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा २.५ लाख. दोन्हींना चालू वर्षाला लागणारा उत्पन्नाचा दाखला हवा. तो तहसीलमधून निघायला जुलैत गर्दी असते, म्हणून मे-जूनमध्येच काढून ठेवा.

"मुलींना शिक्षण मोफत झालंय ना?" हाही प्रश्न असतो. २०२४-२५ पासूनची ती शंभर टक्के सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींसाठी. साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला ती गृहीत धरू नका, इथे वेगळ्या योजना लागू होतात.

राहायचं कुठे?

कॉलेजचं वसतिगृह मिळालं तर उत्तम. नाही तर समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहं बघा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपये मिळू शकतात, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं योजना आहे. ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींसाठी पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीची वसतिगृहं १९५५ पासून आहेत. अर्ज प्रवेशाच्या दिवसांतच करावे लागतात.

यातलं काहीच नाही जमलं तर कॉट बेसिस. सदाशिव, नारायण पेठेत एका खोलीत चार कॉट, तुमच्या वाट्याला एक कॉट, एक कपाटाचा खण आणि सकाळी सात ते साडेसात पाणी. डिपॉझिट देताना पावती घ्या. "काय विश्वास नाही का?" असं म्हणणाऱ्या मालकाकडून तर आवर्जून घ्या. आणि रूम पार्टनर स्पर्धा परीक्षेचा असेल तर एक फायदा आहे: तो पहाटे पाचला उठतो आणि तुम्हालाही उठावं लागतं.

मेस कशी निवडायची?

आधी एक दिवस जेवून बघा, महिन्याचे पैसे लगेच भरू नका. मग चार गोष्टी विचारा. पोळ्या मोजून की पोटभर? रविवारी दुपारी फीस्ट असते का? (रविवारी रात्री मेस बंद असते, हे ठरलेलंच.) डबा मिळतो का? आणि खाडा, म्हणजे न जेवलेला दिवस, कसा धरतात?

खाड्याचा नियम नीट समजून घ्या, महिन्याचं बजेट तिथे कोसळतं. बऱ्याच मेसमध्ये आदल्या दिवशी सांगितलेलाच खाडा धरतात आणि सलग तीन-चार दिवसांपेक्षा कमी असेल तर धरतच नाहीत. शनिवार-रविवार गावी जाऊन आलात तर पैसे गेले. गणपतीला पाच दिवस जाणार असाल तर मेसच्या काकूंना आधी सांगा आणि वहीत त्यांच्यासमोर लिहून घ्या. "मी सांगितलं होतं" आणि "तू कुठे सांगितलंस" या भांडणाला तोड नाही आणि त्यात काकूच जिंकतात. त्यांच्याशी भांडूही नका. ताप आल्यावर मऊ भात त्याच करून देतात.

घरून पैसे कमी येतात. शिकता शिकता काम करता येईल का?

कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजनेची चौकशी करा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत रुजवलेल्या कल्पनेवरूनच ही योजना चालते. ग्रंथालय, कार्यालय, बाग, प्रयोगशाळा अशी कामं असतात, तासावर मानधन मिळतं आणि लेक्चर बुडत नाही. जागा मोजक्या असतात, अर्ज लवकर जातात. पैसे फार नाहीत, मेसचा काही भाग निघतो. पण ग्रंथालयात काम करणाऱ्या मुलांना कुठलं पुस्तक कुठल्या रॅकवर आहे ते माझ्याआधी माहीत असतं.

रात्री डिलिव्हरीचं काम करणारी मुलंही वर्गात आहेत. त्यांना उपदेश करायचा मला अधिकार वाटत नाही. फक्त आपल्या शिक्षकांना एकदा सांगून ठेवा. सकाळी पहिल्या तासाला डुलकी लागली तर निदान कारण माहीत असतं.

एनएसएस की एनसीसी?

शिस्त, परेड, सकाळी लवकर उठणं आवडत असेल आणि पुढे लष्कर किंवा पोलीस डोक्यात असेल तर एनसीसी, तिची बी आणि सी प्रमाणपत्रं कामाला येतात. निवड पहिल्या काही आठवड्यांत उरकते. एनएसएस २४ सप्टेंबर १९६९ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. वर्षाला १२० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. शहरातल्या मुलांनी एकदा तरी ते शिबिर करावं. शाळेच्या वर्गखोलीत झोपायचं, सकाळी बंधाऱ्यासाठी वाळूच्या गोण्या भरायच्या, संध्याकाळी गावकऱ्यांसमोर पथनाट्य. गावाकडची मुलं तिथे पहिल्यांदा पुढारी होतात, कारण फावडं कसं धरायचं ते त्यांनाच येत असतं.

नाटक, ढोल पथक यांत वेळ घालवावा का?

घालवावा, एकातच. पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, प्राथमिक फेरी ऑगस्ट-सप्टेंबरात भरत नाट्य मंदिरात असते. कॉलेजचा ग्रुप जुलैपासूनच तालमीला लागतो. तुम्ही अभिनय करणार नसाल तरी लाइट, संगीत, नेपथ्य, काहीतरी उचलायला माणूस लागतोच. तालमीच्या खोलीबाहेर जाऊन "मला काही काम आहे का?" म्हणायचं, बस. मैत्री वर्गात होते त्याहून लवकर बॅकस्टेजला होते, हे मी बघत आले आहे. निदान प्रेक्षकांत बसून "अरे, आवाज कुणाचा!" तरी ओरडून या.

ढोल पथकांचा सराव गणपतीच्या दीड-दोन महिने आधी नदीपात्रात सुरू होतो. ऑगस्टमध्ये निम्म्या वर्गाच्या बोटांना पट्ट्या असतात आणि जर्नलमधलं अक्षर बिघडलेलं असतं. मला त्यात वावगं वाटत नाही. मात्र नाटक, ढोल आणि फुटबॉल टीम असं तिन्ही एकाच सेमिस्टरमध्ये करणाऱ्याची ती सात लेक्चर कधीच संपलेली असतात. गॅदरिंग आणि डेज दुसऱ्या सेमिस्टरला आहेत, तेव्हा सगळं आत्ताच संपवायची घाई नाही.

सीनिअर त्रास देत असतील तर?

"नाव सांग, गाणं म्हण" इथपासून सुरू होतं आणि तुम्हाला नको असताना करायला लावलं तर ते रॅगिंगच. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९चा कायदा आहे, यूजीसीचे २००९चे नियम आहेत, आणि प्रवेशाच्या वेळी प्रत्येकाने शपथपत्र भरलेलं असतं. कॉलेजातल्या समितीकडे जा किंवा १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा, रात्रीही चालतो. मुलींनी छेडछाडीची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी द्यावी. समितीवरच्या लोकांची नावं फलकावर लावलेली असायला हवीत. नसतील तर तेही प्राचार्यांना विचारा.

इथे मन लागत नाही. परत जाऊ का?

पहिल्या महिन्यात हे जवळजवळ सगळ्यांना वाटतं, कुणी बोलून दाखवत नाही. रविवारी रात्री मेस बंद असते तेव्हा सगळ्यात जास्त. इंटर्नल होईपर्यंत निर्णय घेऊ नका, आणि तोपर्यंत दर रविवारी एकट्याने खोलीत बसू नका, कुणाला तरी गाठा. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, नको ते विचार येत असतील तर थांबू नका. घरी सांगा, समुपदेशकांकडे जा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं.

दिवाळीला गावी कधी जाता येईल?

परीक्षेचं अंतिम वेळापत्रक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लागेपर्यंत तिकीट काढू नका. व्हॉट्सॲपवर फिरणारं वेळापत्रक बऱ्याचदा मागच्या वर्षीचं असतं. हॉल तिकिटावरच्या तारखा, विषय आणि माध्यम तिन्ही ताडून बघा. चूक असेल तर परीक्षेच्या दिवशी नव्हे, हॉल तिकीट हातात पडताच कार्यालयात सांगा. एसटीचं आरक्षण आधी खुलं होतं आणि मराठवाडा-विदर्भाच्या गाड्या भराभर भरतात, तेव्हा शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवसाचं काढा. त्याच संध्याकाळचं नको, पेपर लांबला तर स्वारगेटला किंवा शिवाजीनगरला पळापळ होते. आणि निघण्याआधी काकूंना खाडा सांगा.